प्रोहार्मोनचा क्रम कसा वाचावा: इन्सुलिन, एसीटीएच आणि जीएलपी-१ साखळीतून वेगळे कसे होतात

इन्सुलिन पेशीत इन्सुलिन म्हणून तयार होत नाही. रायबोझोमवरून आधी ११० अमिनो आम्लांची एक साखळी उतरते. तिच्यातली ५१ अमिनो आम्लं पुढे इन्सुलिन म्हणून रक्तात जातात, बाकीची वाटेत गळतात किंवा वेगळी होतात. बहुतेक पेप्टाइड हार्मोन असेच एका लांब पूर्वगामी प्रथिनातून, म्हणजे प्रोहार्मोनमधून, कापून निघतात. पाठ्यपुस्तकात हा विषय एका आकृतीत उरकतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. क्रम समोर घेऊन, पेन्सिलीने खुणा करत स्वतः कापून पाहिलं तर तो पक्का बसतो. खाली तीच पद्धत दिली आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., फार्मसी किंवा एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला ती एका बैठकीत जमते.

एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात असू द्या. साखळी कुठे कापली जाऊ शकते हे क्रम सांगतो. ती तिथे खरोखर कापली जाते का, हे ती कोणत्या पेशीत आहे यावर ठरतं. बहुतेक चुका या दोन प्रश्नांची गल्लत केल्याने होतात.

हा हार्मोन या पद्धतीत बसतो का?

कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन हे कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि ॲड्रेनॅलिन टायरोसिनपासून. त्यांचा इथे संबंध नाही. वाढीचा हार्मोन आणि प्रोलॅक्टिन प्रथिनंच आहेत, पण त्यांचा फक्त सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीत कुठे जायचं ते सांगणारा तुकडा) गळतो, पुढे कापाकापी नसते. टीएसएच, एलएच, एफएसएच यांच्यातही दोन साखळ्या असतात म्हणून इन्सुलिनशी घोळ होतो. त्यांच्या दोन साखळ्या दोन वेगळ्या जनुकांतून येतात. इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्या (ए आणि बी) एकाच जनुकातून, एकाच साखळीचे तुकडे म्हणून येतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

इन्सुलिन, ग्लुकागॉन, जीएलपी-१ (आतड्यातला साखर उतरवणारा हार्मोन), एसीटीएच (पियूषिका ग्रंथीतला ताणाचा हार्मोन), व्हॅसोप्रेसिन, पॅराथायरॉइड हार्मोन, कॅल्सिटोनिन आणि बीएनपी (हृदयातला हार्मोन) मात्र या पद्धतीत बसतात.

काय लागेल

युनिप्रॉट या मोफत डेटाबेसमधून मानवी क्रम घ्या. शोधपेटीत क्रमांक इंग्रजी अक्षरांत टाकायचे: इन्सुलिनसाठी पी०१३०८, पीओएमसीसाठी (एसीटीएचचं पूर्वगामी प्रथिन) पी०११८९, प्रोग्लुकागॉनसाठी पी०१२७५, व्हॅसोप्रेसिनसाठी पी०११८५. त्याच पानावर "पीटीएम/प्रोसेसिंग" या भागात सगळी उत्तरं तयार असतात. ती आत्ता पाहू नका. फक्त क्रम (त्यातलं प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) कॉपी करा, दर दहा अक्षरांनंतर जागा सोडून छापा आणि प्रत्येक गटावर आकडा लिहा. आकडे न घालता काम सुरू केलं तर तिसऱ्या ओळीत एखादं अक्षर निसटतं आणि पुढचं सगळं चुकतं. तीन रंगांचे पेन आणि एक कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

पहिल्यांदा इन्सुलिनच करा. क्रम छोटा आहे आणि पाचवी सोडून प्रत्येक पायरी त्यात एकदा तरी भेटते.

पायरी १: सिग्नल पेप्टाइड ओळखा

क्रमाची पहिली १५ ते ३० अक्षरं पाहा. सुरुवातीला एखाददुसरं धनभारित अमिनो आम्ल, मग ल्युसिन, ॲलॅनिन, व्हॅलिन अशा पाण्यापासून दूर राहणाऱ्या अमिनो आम्लांचा सलग पट्टा आणि शेवटी आकाराने लहान अमिनो आम्लं, अशी त्याची ठेवण असते. काप जिथे बसतो त्याच्या लगेच आधीची जागा आणि तिच्या दोन जागा आधीची जागा, या दोन्हींवर बहुधा ॲलॅनिन, ग्लायसिन किंवा सेरिनसारखं लहान अमिनो आम्ल असतं.

प्रीप्रोइन्सुलिनमध्ये, म्हणजे ११० अमिनो आम्लांच्या मूळ साखळीत, सहाव्या जागी आर्जिनिन आहे, त्यानंतर ल्युसिनची रेलचेल, आणि २२, २३, २४ या जागांवर सलग तीन ॲलॅनिन. काप २४ नंतर पडतो. उरलेली ८६ अमिनो आम्लं म्हणजे प्रोइन्सुलिन. हा काप साखळी अजून तयार होत असतानाच, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये शिरताना पडतो. त्यामुळे "प्रीप्रो" अवस्थेतलं प्रथिन पेशीत जवळजवळ सापडतच नाही. प्रथिनाचा पत्ता त्याच्याच साखळीत लिहिलेला असतो हे दाखवून दिल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे पाण्यापासून दूर राहणारा पट्टा संपला की लगेच रेघ मारणं. पट्ट्यानंतर पाचसहा अमिनो आम्लं पुढे जाऊन लहान अमिनो आम्लांची जोडी शोधावी लागते. शंका वाटली तर सिग्नलपी हा ऑनलाइन प्रोग्राम चालवून पडताळा.

पायरी २: सिस्टिन मोजा

दुसऱ्या रंगाने सगळे सिस्टिन (इंग्रजी अक्षर सी) गोल करा. प्रोइन्सुलिनमध्ये ते सहा आहेत. ११० च्या मोजणीत त्यांच्या जागा ३१, ४३, ९५, ९६, १०० आणि १०९. त्यांचे तीन डायसल्फाइड बंध (दोन सिस्टिनमधले गंधकाचे बंध) होतात: बी साखळीचा ७ वा एच्या ७ व्याशी, बीचा १९ वा एच्या २० व्याशी, आणि ए साखळीतच ६ वा ११ व्याशी.

कापण्याआधी ही जुळणी पूर्ण होणं गरजेचं असतं. १९६० च्या दशकापर्यंत ए आणि बी साखळ्या वेगळ्या बनून नंतर जोडल्या जातात असं मानलं जात होतं. प्रयोगनळीत तसं केलं तर योग्य जोड्या फार कमी जमायच्या, म्हणून ती कल्पना आधीपासून अडखळत होती. शिकागो विद्यापीठात डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या गाठीच्या ऊतीवर काम करून एकसंध प्रोइन्सुलिन दाखवलं आणि कोडं सुटलं. ए आणि बी यांच्या मधला तुकडा, म्हणजे सी-पेप्टाइड, दोन्ही टोकं एकमेकांजवळ आणून ठेवतो, साखळीची घडी नीट बसते, बंध तयार होतात आणि मग मधला भाग निघून जातो. सी-पेप्टाइडमध्ये एकही सिस्टिन नाही, हे खुणा करतानाच दिसेल.

सिस्टिनची संख्या विषम आली तर धोका. इन्सुलिनच्या जनुकात ९६ व्या जागी सिस्टिनऐवजी टायरोसिन आला की पाचच सिस्टिन उरतात, एकाला जोडीदार नसतो, घडी बिघडते आणि प्रोइन्सुलिन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकतं. माणसात हा बदल नवजात बाळाला मधुमेह देतो आणि उंदरात त्याच बदलाचा अकिता उंदीर प्रयोगशाळांत वापरला जातो. दुसरं जनुक चांगलं असूनही आजार होतो, कारण बिघडलेलं प्रोइन्सुलिन चांगल्या प्रोइन्सुलिनलाही आपल्यात गुंतवतं आणि शेवटी इन्सुलिन बनवणारी बीटा पेशीच खचते.

पायरी ३: लायसिन-आर्जिनिनच्या जोड्या शोधा

तिसऱ्या रंगाने सगळे लायसिन (इंग्रजी अक्षर के) आणि आर्जिनिन (आर) रंगवा. प्रोहार्मोन कापणारे विकर, म्हणजे पीसी१/३ आणि पीसी२, सलग दोन अशा अमिनो आम्लांच्या जोडीनंतर कापतात. लायसिन-आर्जिनिन ही जोडी सर्वांत जास्त वापरली जाते, त्यानंतर आर्जिनिन-आर्जिनिन. लायसिन-लायसिन आणि आर्जिनिन-लायसिन या जोड्या असूनही बऱ्याचदा अर्धवट कापल्या जातात किंवा तशाच राहतात. जोडीनंतर लगेच प्रोलिन आला तर त्या जागेवर फारसा भरवसा ठेवू नका.

प्रीप्रोइन्सुलिनमध्ये ६, ४६, ५३, ५५, ५६, ८८, ८९ या सात जागा रंगल्या पाहिजेत. त्यातल्या सलग जोड्या दोनच: ५५-५६ आर्जिनिन-आर्जिनिन आणि ८८-८९ लायसिन-आर्जिनिन. त्यांच्यामुळे साखळीचे तीन भाग होतात. २५ ते ५४ ही ३० अमिनो आम्लांची बी साखळी, ५७ ते ८७ हा ३१ चा सी-पेप्टाइड आणि ९० ते ११० ही २१ ची ए साखळी. तुमचे आकडे असे आले नाहीत तर मागे जाऊन दहाचे गट पुन्हा मोजा.

आता दोन्ही जागा नीट पाहा. पहिल्या जोडीच्या दोन जागा आधी, ५३ वर, आणखी एक लायसिन आहे. दुसऱ्या जोडीच्या दोन जागा आधी ८६ वर ल्युसिन आहे. पीसी१/३ ला पहिल्यासारखी ठेवण जास्त मानवते, म्हणून माणसात बी आणि सी मधला काप सहसा आधी पडतो. रक्तात जे अर्धवट कापलेलं प्रोइन्सुलिन सापडतं तेही मुख्यतः याच पहिल्या कापाचं असतं. बहुतेक पुस्तकांत "पहिला काप पीसी१/३ चा, दुसरा पीसी२ चा" अशी वाटणी दिलेली असते. ती उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. मानवी बीटा पेशींवरचं अलीकडचं काम दोन्ही काप मुख्यतः पीसी१/३ करतो असं सांगतं. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, पण ते शेवटचं सत्य मानू नका.

जोडीऐवजी एकटं आर्जिनिन किंवा लायसिन दिसलं तर त्यावर फिकट खूण करून पुढे जा. बहुतेक ठिकाणी तिथे काप नसतो. जीएलपी-१ च्या वेळी त्याच्याकडे परत यावं लागेल.

इथे ट्रिप्सिनची आठवण होईल. ट्रिप्सिन प्रत्येक लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतो, त्याला जोडी लागत नाही. औषधी इन्सुलिन बनवताना प्रोइन्सुलिनवर ट्रिप्सिन आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज बी वापरता येतात, पण ट्रिप्सिनचं प्रमाण किंवा वेळ जास्त झाली तर बी साखळीच्या २९ व्या लायसिननंतर काप पडतो आणि ३० वा थ्रिओनिन गळतो. आणखी पुढे गेलं तर २२ व्या आर्जिनिननंतर शेवटची आठ अमिनो आम्लं जातात आणि हार्मोन जवळपास निकामी होतो. म्हणून विकराचं प्रमाण, तापमान आणि पीएच काटेकोर सांभाळून क्रिया वेळेवर थांबवतात. गंमत म्हणजे थ्रिओनिन गळालेलं इन्सुलिन चांगलं काम करतं. डेटेमिर आणि डेग्लुडेक ही दोन औषधं मुद्दाम त्या थ्रिओनिनशिवायच बनवली आहेत.

यीस्टमध्ये केक्स२ नावाचं विकर असतं, तेही लायसिन-आर्जिनिननंतर कापतं. माणसातले पीसी विकर सापडले ते याच केक्स२ शी साम्य शोधत असताना, आणि यीस्टमध्ये इन्सुलिन बनवताना केक्स२ चा उपयोग करून घेतला जातो.

पायरी ४: शेपट्या छाटा

काप जोडीच्या नंतर पडतो, त्यामुळे ती जोडी आधीच्या तुकड्याच्या शेवटी लोंबत राहते. पुढचा तुकडा मात्र स्वच्छ सुरू होतो. कार्बॉक्सिपेप्टिडेज ई हे विकर त्या शेपटीतली लायसिन-आर्जिनिन एकेक करून काढतं. इन्सुलिनमध्ये बी साखळीची शेपटी दोन आर्जिनिनची आणि सी-पेप्टाइडची शेपटी लायसिन-आर्जिनिनची. विद्यार्थी बहुतेक वेळा जोडीच्या मधोमध रेघ मारतात आणि एकेक अमिनो आम्ल दोन्ही बाजूंना वाटून टाकतात. तसं केलं की लांबी एकाने चुकते आणि वस्तुमान जुळत नाही.

पायरी ५: ग्लायसिनचं शेपूट पाहा

छाटल्यानंतर तुकडा ग्लायसिनने संपत असेल तर ती अमायडेशनची खूण समजा. पीएएम हे विकर त्या शेवटच्या ग्लायसिनचा नायट्रोजन आधीच्या अमिनो आम्लावर ठेवतं आणि बाकीचा भाग काढून टाकतं. त्याला तांबं, क जीवनसत्त्व आणि ऑक्सिजन लागतो.

इन्सुलिनमध्ये ही पायरी नाही, म्हणून व्हॅसोप्रेसिनचा क्रम घ्या. १६४ अमिनो आम्लांच्या साखळीत पहिली १९ सिग्नल, २० ते २८ व्हॅसोप्रेसिन, त्यानंतर ग्लायसिन-लायसिन-आर्जिनिन. व्हॅसोप्रेसिन स्वतःच ग्लायसिनने संपतो आणि त्यापुढे आणखी एक ग्लायसिन आहे. पहिला ग्लायसिन हार्मोनचा नववा आणि शेवटचा घटक. दुसरा फक्त अमायडेशनसाठी खर्ची पडतो. दोन्ही ठेवले किंवा दोन्ही काढले तरी उत्तर चुकतं. पुढे ३२ ते १२४ हे न्यूरोफायसिन आणि एका आर्जिनिननंतर १२६ ते १६४ कोपेप्टिन. न्यूरोफायसिन वाहक म्हणून काम करतो आणि त्याची घडी बिघडली की व्हॅसोप्रेसिनचा स्वतःचा क्रम निर्दोष असूनही डायबेटिस इन्सिपिडस (खूप लघवी होण्याचा आजार) होतो.

पायरी ६: वस्तुमान जुळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण चूक पकडायला याहून चांगली पायरी नाही. एक पेप्टाइड बंध तुटला की पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८.०२ डाल्टन, वाढतो. एक डायसल्फाइड बंध बनला की २.०२ कमी होतात. अमायडेशनने साधारण १ डाल्टन कमी होतो आणि ॲसिटिल गट लागला की ४२ वाढतात.

इन्सुलिन ५८०७.६, सी-पेप्टाइड ३०२०.३, सुटी झालेली तीन आर्जिनिन प्रत्येकी १७४.२ आणि एक लायसिन १४६.२. बेरीज ९४९६.७. एकूण सहा बंध तुटले: बी साखळी आणि पहिलं आर्जिनिन, दोन आर्जिनिनच्या मधला, आर्जिनिन आणि सी-पेप्टाइड, सी-पेप्टाइड आणि लायसिन, लायसिन आणि आर्जिनिन, आर्जिनिन आणि ए साखळी. म्हणजे १०८.१ वजा करा. ९३८८.६ उरतात आणि तेच प्रोइन्सुलिनचं वस्तुमान आहे. डायसल्फाइड बंध कापण्याआधीच तयार असल्यामुळे इथे त्यांचा वेगळा हिशोब लागत नाही. उत्तर १८ च्या पटीत चुकलं तर बंध मोजायला चुकलात. साधारण १५६ ने चुकलं तर एक आर्जिनिन हरवलं.

आकड्यांचा एक सापळा

एकाच जागेला दोन क्रमांक असतात. जुने लेख प्रोइन्सुलिनच्या पहिल्या अमिनो आम्लापासून मोजतात, आताचे जनुकीय अहवाल सिग्नल पेप्टाइड धरून. "आर्जिनिन ६५ ऐवजी हिस्टिडिन" आणि "आर्जिनिन ८९ ऐवजी हिस्टिडिन" हा एकच बदल आहे, फरक २४ चा. त्या बदलाने दुसरी जोडी मोडते, तो काप पडत नाही आणि रक्तात अर्धवट कापलेलं प्रोइन्सुलिन भरपूर दिसतं. जीएलपी-१ च्या बाबतीत तिसरीच मोजणी चालते, ते पुढे येईल. अहवाल वाचताना आधी मोजणी कुठून सुरू झाली ते पाहा.

आता पेशी विचारात घ्या

पीओएमसीचा क्रम काढा. २६७ अमिनो आम्लं, पहिली २६ सिग्नल. वरच्या पायऱ्या केल्यावर अनेक जोड्या रंगतील आणि "यातला हार्मोन कोणता?" असा प्रश्न पडेल. उत्तर पेशीप्रमाणे बदलतं.

पियूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागातल्या कॉर्टिकोट्रोफ पेशींत मुख्यतः पीसी१/३ असतो. तो मोजकेच काप घेतो आणि १३८ ते १७६ हा ३९ अमिनो आम्लांचा एसीटीएच आणि १७९ ते २६७ हा ८९ चा बीटा-लायपोट्रोपिन तयार होतो. हायपोथॅलॅमसच्या चेतापेशींत पीसी२ सुद्धा असतो. तो एसीटीएचच्या आतली लायसिन-लायसिन-आर्जिनिन-आर्जिनिन ही जागा कापतो. शेपूट छाटल्यावर पुढे ग्लायसिन उघडा पडतो, अमायडेशन होतं, सुरुवातीच्या सेरिनवर ॲसिटिल गट लागतो आणि १३ अमिनो आम्लांचा अल्फा-एमएसएच तयार होतो. बीटा-लायपोट्रोपिनमधून २३७ ते २६७ हा ३१ चा बीटा-एंडॉर्फिन निघतो. एकाच साखळीतून एका पेशीत ताणाचा हार्मोन आणि दुसऱ्या पेशीत भूक आवरणारा संदेश निघतो.

बीटा-एंडॉर्फिनची पहिली पाच अमिनो आम्लं म्हणजे हुबेहूब मेट-एन्केफॅलिनचा क्रम. म्हणून तो पीओएमसीतून येतो असं लिहून टाकू नका. त्या पाचनंतर कापण्याची जोडीच नाही. एन्केफॅलिन प्रोएन्केफॅलिन या वेगळ्या प्रथिनातून येतो.

प्रोग्लुकागॉन हे याहून सुरेख उदाहरण. १८० अमिनो आम्लं, पहिली २० सिग्नल. स्वादुपिंडाच्या अल्फा पेशींत पीसी२ असतो आणि ५३ ते ८१ हा २९ चा ग्लुकागॉन बाहेर पडतो. आतड्याच्या एल पेशींत पीसी१/३ असतो. तिथे ग्लुकागॉन ग्लायसेंटिन या मोठ्या तुकड्याच्या आत दडलेलाच राहतो आणि जीएलपी-१ व जीएलपी-२ सुटतात. एक पेशी साखर वाढवणारा हार्मोन देते, दुसरी साखर उतरवणारा, आणि जनुक दोघींचं एकच.

जीएलपी-१ च्या सुरुवातीला जोडी शोधत बसू नका. तो ९७ व्या जागेच्या एकट्या आर्जिनिननंतर सुरू होतो. आधी त्याची लांबी सहा अमिनो आम्लांनी जास्त धरली होती, म्हणून आजही खऱ्या हार्मोनला "जीएलपी-१, ७ ते ३७" किंवा अमायडेशन झालेल्याला "७ ते ३६ अमाइड" म्हणतात. मोजणी ७ पासून का, याचं उत्तर तेच. दुसऱ्या जागेवरच्या ॲलॅनिननंतर डीपीपी-४ हे विकर कापतं आणि हार्मोन एकदोन मिनिटांत निकामी होतो. सेमाग्लुटाइड या औषधात नेमका तोच ॲलॅनिन बदलला आहे.

उलटा नमुनाही याच साखळीत आहे. ग्लुकागॉनच्या १७ आणि १८ व्या जागी सलग दोन आर्जिनिन आहेत. आपल्या नियमाने तिथे काप पडायला हवा, तरी अल्फा पेशीतून ग्लुकागॉन अखंड बाहेर येतो. जोडी दिसली म्हणून काप पडलाच असं लिहिणाऱ्याला हे उदाहरण दाखवावं.

या विकरांना योग्य वातावरणही लागतं. स्रावकणाच्या (पेशीतली हार्मोन साठवणारी पिशवी) आत पीएच ५.५ च्या आसपास येतो आणि कॅल्शियम भरपूर असतं. पीसी२ ला शिवाय ७बी२ हे साहाय्यक प्रथिन हवं. कणांत आम्लता तयार झाली नाही तर विकर हजर असूनही काप पडत नाहीत.

विकरच सदोष असेल तर एकाच वेळी अनेक हार्मोन बिघडतात. पीसी१/३ चं जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं की बाळाला सुरुवातीला न थांबणारे जुलाब, पुढे अनावर भूक आणि लठ्ठपणा होतो. रक्तात प्रोइन्सुलिन फार आणि इन्सुलिन कमी असतं, कॉर्टिसॉलही कमी पडू शकतं. पीओएमसीच नसेल तर लठ्ठपणासोबत कॉर्टिसॉलची कमतरता आणि अनेकदा लालसर केस दिसतात, कारण अल्फा-एमएसएच केसांच्या रंगातही भाग घेतो. भारतीय वंशाच्या मुलांत केस काळेच राहू शकतात, त्यामुळे केवळ केसांवरून निदान नाकारू नये. या दोन्ही आजारांतल्या लठ्ठपणासाठी सेटमेलॅनोटाइड हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते अल्फा-एमएसएचच्याच ग्राहीवर काम करतं.

दोन अपवाद पटकन. थायरॉइडचा हार्मोन थायरोग्लोब्युलिन या अवाढव्य प्रथिनातून येतो, पण तिथे साखळीतल्या टायरोसिनवर आयोडीन चढतं, ती आपसांत जोडली जातात आणि मग सगळं प्रथिन पचवून टी४ काढला जातो. जोड्या शोधून काही हाती लागत नाही. अँजिओटेन्सिनोजेन तर रक्तात गेल्यावर कापलं जातं. रेनिन पहिली दहा अमिनो आम्लं ल्युसिननंतर तोडतं आणि एसीई हे विकर त्यातली शेवटची दोन काढतं.

हे ज्ञान लॅबच्या अहवालात कुठे लागतं

सी-पेप्टाइड आणि इन्सुलिन सारख्याच संख्येने बाहेर पडतात. इन्सुलिनचा साधारण निम्मा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेतं आणि त्याचा अर्धायुष्यकाळ पाचेक मिनिटांचा असतो. सी-पेप्टाइड यकृताला टाळतो, अर्धा तास टिकतो आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये नसतो. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय हे त्यातून दिसतं. एका लॅबचा आकडा नॅनोग्रॅममध्ये आणि दुसरीचा नॅनोमोलमध्ये असेल तर १ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात ०.२ नॅनोमोलच्या खालचा आकडा टाइप १ कडे झुकतो, ०.६ च्या वरचा टाइप २ कडे. मधला आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही. साखर खूप खाली असताना किंवा उपाशीपोटी घेतलेला कमी आकडा फसवा असू शकतो. मूत्रपिंड निकामी असेल तर आकडा खोटा वाढतो, कारण सी-पेप्टाइड तिथूनच बाहेर पडतो. नमुना ईडीटीए नळीत घेतला तर तो जास्त टिकतो. रक्तपेशी फुटल्या तर त्यातलं विकर इन्सुलिन खातं, म्हणून लालसर नमुन्यावर इन्सुलिनचा आकडा मान्य करू नये.

साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली गेली असताना इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी असेल तर इन्सुलिन बाहेरून आलं आहे. दोन्ही जास्त असतील तर मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या किंवा इन्सुलिनोमा (इन्सुलिन बनवणारी गाठ), आणि या दोघांत फरक करायला रक्तात त्या गोळ्यांची तपासणी लागते. त्याच वेळी प्रोइन्सुलिन ५ पिकोमोलच्या वर असेल तर शरीर स्वतःच इन्सुलिन सोडतंय हे पक्कं होतं.

एसीटीएच नाजूक असतो. थंड ईडीटीए नळी, लगेच बर्फ, थंड सेंट्रिफ्यूज आणि प्लाझ्मा गोठवणं, यातलं एक चुकलं तरी आकडा खोटा कमी येतो. फुप्फुसातल्या काही गाठी पीओएमसी बनवतात पण नीट कापत नाहीत. अशा वेळी मोठे अर्धवट तुकडे फिरत असतात आणि काही चाचण्यांना ते दिसतच नाहीत.

प्रोकॅल्सिटोनिन हेही न कापलेलं प्रोहार्मोनच. थायरॉइडच्या सी पेशी त्याचे तुकडे करून ३२ अमिनो आम्लांचा कॅल्सिटोनिन बनवतात. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या इतर अनेक ऊती तेच जनुक चालू करतात, पण त्यांच्याकडे कात्री नसते. त्यामुळे ११६ अमिनो आम्लांचं प्रोकॅल्सिटोनिन जवळजवळ अखंड रक्तात येतं आणि कॅल्सिटोनिन मात्र तसा वाढत नाही.

हृदयातला प्रोबीएनपी १०८ अमिनो आम्लांचा. कापल्यावर ३२ चा बीएनपी आणि ७६ चा एनटी-प्रोबीएनपी. पहिला हार्मोन, दुसरा सोबतचा तुकडा, पण दुसरा जास्त वेळ टिकतो म्हणून मोजायला सोपा. रुग्ण हृदयासाठी सॅक्युबिट्रिल घेत असेल तर बीएनपी मोजू नका. ते औषध बीएनपी तोडणाऱ्या नेप्रिलायसिनला अडवतं, त्यामुळे आकडा वाढतो आणि हृदय सुधारत असूनही बिघडल्यासारखं दिसतं. एनटी-प्रोबीएनपीला नेप्रिलायसिन तोडत नाही, म्हणून अशा रुग्णात तोच मागवा.